डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीचे हिशेब वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या शेजारच्या काकांचा संगणक मे महिन्यातील एका वळवाच्या संध्याकाळी बंद पडला. त्या तासाभरात वीज तीन-चार वेळा गेली आणि आली होती. मी पाहायला गेलो तेव्हा काका फारसे चिंतेत दिसले नाहीत. "विंडोज उडाले असेल, दुसरे काय! आपले सगळे डी ड्राइव्हला आहे," असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. कॅबिनेटमधून मात्र दर दोन-तीन सेकंदांनी 'टक्' असा बारीक आवाज येत होता, मध्येच थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. तो आवाज हार्ड डिस्कचा होता, आणि काकांचे सी व डी हे दोन्ही ड्राइव्ह त्याच एका डिस्कवर होते.

डी ड्राइव्हवरचा हा विश्वास आपल्याकडे घरोघरी आढळतो आणि त्याला कारणही आहे. संगणक रखडू लागला की दुरुस्ती करणारा मुलगा सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकतो आणि डी ड्राइव्हला हात लावत नाही. त्यामुळे डीवर ठेवलेली वस्तू वाचते, असा अनुभव लोकांना पुन्हा पुन्हा आला. विंडोज बिघडण्यापुरता तो अनुभव खराच आहे. पण शेताच्या मधोमध बांध घालून दोन वाटण्या केल्या तरी नदीचे पाणी शिरते तेव्हा ते बांध पाहून थांबत नाही. सी आणि डी हे एकाच डिस्कचे कागदोपत्री केलेले दोन हिस्से असतात. डिस्क गेली, संगणक चोरीला गेला किंवा एखाद्या व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही हिस्से एकदमच जातात.

तो 'टक्' आवाज कशाचा, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचक-शीर्ष केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर राखून, तबकडीला न टेकता सरकत असते. शीर्षाला आपली जागा सापडली नाही की ते मूळ ठिकाणी परत जाते आणि पुन्हा प्रयत्न करते. त्या येरझाऱ्यांचा तो आवाज. अशा वेळी "आणखी एकदा चालू करून पाहू" हा मोह आवरला पाहिजे, कारण शीर्ष तबकडीवर घासू लागले तर प्रत्येक प्रयत्नात थोडी थोडी माहिती कायमची खरवडली जाते. संगणक बंद करावा, डिस्क काढून बाजूला ठेवावी, आणि आतील माहिती खरोखर मोलाची असेल तर ती डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. हे काम महाग असते आणि यशाची खात्री कोणी देत नाही.

नव्या लॅपटॉपमधील एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसते, म्हणून ती वेगवान असते आणि थोडाफार धक्काही सोसते. मात्र बिघडताना ती बहुतेक वेळा आवाजही करत नाही. आणखी एक फरक लोकांच्या लक्षात आलेला नाही. जुन्या डिस्कवर फाइल डिलीट केली तरी प्रत्यक्षात फक्त तिची नोंद खोडली जात असे, मजकूर तिथेच पडून राही, आणि म्हणून ओळखीचा एखादा तंत्रज्ञ सॉफ्टवेअर चालवून फोटो परत काढून देत असे. एसएसडीच्या बाबतीत विंडोज रिकाम्या झालेल्या जागेची खबर डिस्कला देते आणि डिस्क ती जागा पुढील लिखाणासाठी स्वतःच पुसून ठेवते. म्हणजे, दहा वर्षांपूर्वी जी चूक निस्तरता येत होती ती आज बऱ्याचदा निस्तरता येत नाही, आणि आपल्या सवयी मात्र दहा वर्षांपूर्वीच्याच आहेत.

या सवयींपैकी एक तर गमतीची आहे. संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून चार-पाच वेळा 'रिफ्रेश' करणारे लोक मी सरकारी कचेरीपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत सगळीकडे पाहिले आहेत. त्या रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रे नव्याने रेखली जातात, इतकेच. संगणकाचा वेग तसूभरही वाढत नाही. वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारी फुकट 'क्लीनर' सॉफ्टवेअरे घेणाऱ्यांचीही तीच गत. साफसफाईवर आपण जितका वेळ घालवतो त्याचा चौथा हिस्सा जरी प्रती काढण्यावर घालवला, तरी घरातला संगणक जळाला म्हणून कोणाला रडावे लागणार नाही, असे माझे मत आहे.

प्रत कशाची काढायची, हा पहिला प्रश्न. विंडोज, ऑफिस, ब्राउझर, छपाईयंत्राचे ड्रायव्हर या सगळ्या वस्तू जगात इतरत्र उपलब्ध आहेत. त्या पुन्हा मिळतात. जे फक्त आपल्याकडेच आहे, त्याचीच यादी करावी. आमच्या गावात ती यादी साधारणपणे अशी निघते: मुलांचे फोटो, २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावर पहाटे काढलेले व्हिडिओ, सातबारा आणि खरेदीखताची स्कॅन केलेली पाने, सोसायटीचे हिशेब, एखाद्या दुकानदाराच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील डेटा, आणि निफाड-दिंडोरीकडचे कोणी घरात असेल तर निर्यातीच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी. या नोंदी तर हंगामाच्या ऐन मध्यात हरवल्या तर पुन्हा स्मरणातून लिहिता येत नाहीत, आणि त्या दाखवल्याशिवाय माल निर्यातीला लागत नाही. यादी केली की बहुतेक घरांना आश्चर्य वाटते, कारण पाचशे जीबीच्या डिस्कवर खरोखर जपण्याजोगा ऐवज शंभर-सव्वाशे जीबीच भरतो. बाकी सगळे चित्रपट आणि विसरलेल्या डाउनलोड.

प्रती किती असाव्यात, यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 'तीन-दोन-एक' हा ठोकताळा सोपा आहे. मूळ धरून एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. यातील शेवटची अट लोकांना अतिरेकी वाटते. नाशिककरांना तरी ती वाटू नये. ऑगस्ट २०१६मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली आणि पाणी सराफ बाजारात व भांडी बाजारात शिरले. ज्या दुकानाच्या तळमजल्यावर संगणक होता आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क होती, तिथे दोन प्रती असून नसल्यासारख्याच होत्या. पूर्वी पोथी उतरवून देणारा लेखनिक शेवटच्या पानावर विनंती लिहून ठेवत असे की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. धोक्यांची ही यादी आजही जशीच्या तशी लागू पडते. फक्त सैल बांधणीच्या जागी सैल यूएसबी केबल वाचायची.

घरगुती माणसाला हे असे जमते. पहिली प्रत संगणकावर असतेच. दुसऱ्या प्रतीसाठी एक टीबीची बाहेरून जोडायची डिस्क घ्यावी. चार एमबीचा एक याप्रमाणे तिच्यावर अडीच लाखांच्या आसपास फोटो मावतात, म्हणजे ती बरीच वर्षे पुरते. पेन ड्राइव्ह या कामाला घेऊ नये. तो निरोप्या आहे, कोठीघर नव्हे: फाइल इकडून तिकडे न्यायला चांगला, वर्षभर सांभाळायला भरवशाचा नाही, आणि खिशातून पडायला फार सोपा. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय २०१२पासून आहे. ती कंट्रोल पॅनेलमधून एकदा चालू केली की डिस्क जोडलेली असेपर्यंत दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत काढली जाते आणि जुन्या आवृत्त्याही राहतात. मॅकवर हेच काम 'टाइम मशीन' करते. इथेच डी ड्राइव्हची गोष्ट पुन्हा आडवी येते: फाइल हिस्टरी आपण होऊन डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांकडेच पाहते. डी ड्राइव्हवर 'नवीन फोल्डर २'मध्ये ठेवलेले हिशेब 'लायब्ररी'त, म्हणजे विंडोजच्या फोल्डरांच्या यादीत, मुद्दाम जोडून दिले नाहीत, तर बॅकअप चालू असूनही त्यांची प्रत निघत नाही.

फोल्डर हाताने कॉपी करून डिस्कवर टाकणे यातही कमीपणा नाही, फक्त दोन पथ्ये पाळावीत. जुन्या फोल्डरवर नवा फोल्डर लादू नये. तारखेच्या नावाने नवा करावा, म्हणजे आज बिघडलेली फाइल गेल्या महिन्याच्या चांगल्या फाइलीचा घास घेणार नाही. आणि काम झाल्यावर डिस्क 'सेफली रिमूव्ह' करून काढून ठेवावी, कारण स्क्रीनवर कॉपी पूर्ण झाली असे दिसले तरी शेवटचे काही लिखाण अजून संगणकाच्या स्मृतीत रेंगाळत असू शकते.

'काढून ठेवावी' या दोन शब्दांवर मी मुद्दाम जोर देतो. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागितले. असे प्रोग्रॅम संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरही हात फिरवतात. त्यांच्या लेखी तो आणखी एक ड्राइव्हच असतो. म्हणून कायम जोडून ठेवलेली डिस्क हा अर्धाच बॅकअप होय. ज्या त्रुटीतून वॉनाक्राय शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अपडेट पुढे ढकलण्याचे बटण दाबताना मला तरी ते आठवते.

तिसरी, घराबाहेरची प्रत दोन प्रकारे ठेवता येते. एक म्हणजे दुसरी डिस्क नातेवाइकांच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे आणि दिवाळी, गणपती अशा येण्याजाण्यात ती बदलून आणणे. दुसरा मार्ग क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या संगणकांवर प्रत ठेवण्याचा. गूगल खात्यावर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा फुकट मिळते, ती कागदपत्रांना पुरते. फोटोंना पुरत नाही. पहिल्यांदा फोटो चढवताना धीर धरावा लागतो: चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर १०० जीबीला सुमारे अकरा तास लागतात, म्हणजे रात्री लावून झोपावे. गूगलचे जे खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही ते बंद करून त्यातील मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणून केवळ बॅकअपसाठी काढलेल्या खात्यात अधूनमधून डोकावणे आवश्यक आहे.

क्लाउडविषयी सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचे जे फोल्डर आपल्या संगणकावर दिसते ते 'सिंक' होत असते, म्हणजे दोन्हीकडची स्थिती सारखी ठेवली जाते. नातवाने इकडे फाइल पुसली तर तिकडचीही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस राहते आणि मग जाते. आरशात दिसणारे दागिने म्हणजे दागिन्यांचा दुसरा संच नव्हे. सिंकमुळे डिस्क जळण्यापासून संरक्षण मिळते, पण स्वतःच्या चुकीपासून तीस दिवसांपलीकडे मिळत नाही, आणि घरांमध्ये माहिती हरवण्याची जी कारणे मी पाहिली त्यांत डिस्कपेक्षा बोटे अधिक दोषी होती.

मराठी माणसाच्या फाइलींची एक खास अडचण आहे, जी इंग्रजी मार्गदर्शकांत कुठेच सापडत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत टाइप करत होतो. त्या फाइलींमध्ये खरे तर इंग्रजी अक्षरांचे संकेतच साठवलेले असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. माझ्या एका स्नेह्यांनी वडिलांच्या कवितांची वर्डमधली फाइल तीन ठिकाणी जपून ठेवली होती. नव्या लॅपटॉपवर ती उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा काला दिसला. फाइल शाबूत होती, फाँट गेला होता. असा मजकूर जुना संगणक चालू आहे तोवर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि सोबत त्याची एक पीडीएफही करून ठेवावी. लग्नाच्या डीव्हीडींचेही तसेच. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी घालायची फटच नसते, आणि तबकडीवर बुरशीचे ठिपके दिसू लागले की घाई करावी लागते.

देखभालीचा राहिलेला भाग थोडक्यात सांगता येतो. विंडोजचे नेहमीचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवारी संगणक अपडेट मागू लागला तर तो बिघडलेला नसतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्यावर बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी पुढची सोय पाहावी. रोज रात्री 'शट डाउन' करूनही संगणक जड वाटत असेल तर 'रीस्टार्ट' करून पाहावे. विंडोज ८पासून शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो, तर रीस्टार्टमध्ये सगळे खरोखर नव्याने सुरू होते. डिस्कची पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी. अँटिव्हायरस एकच असावा, आणि विंडोजचा स्वतःचा घराला पुरतो. चोरीचे विंडोज चालू करून देणारा 'ॲक्टिव्हेटर' टाकण्यासाठी तो अँटिव्हायरस बंद करा असे कोणी सांगू लागले, तर त्या माणसाला संगणकापासून दूर ठेवावे.

धुळीकडे मात्र सॉफ्टवेअरइतकेच लक्ष हवे. शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालू असतेच, आणि एप्रिलपर्यंत कॅबिनेटच्या जाळीवर राखाडी लोकर साठते. सहा महिन्यांतून एकदा वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने हवा मारावी. पाते मोकळे सोडून हवा मारली तर ते भन्नाट वेगाने फिरून खराब होऊ शकते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. विजा चमकू लागल्या की प्लग काढावा आणि ब्रॉडबँडची तांब्याची तार येत असेल तर तीही काढावी. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज गेल्याबरोबर संगणकही जात असेल तर ती बदलायची वेळ झाली आहे.

आणखी एक कागद. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, केलेली असते आणि मदरबोर्ड बदलल्यावर पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आजच उतरवून घ्यावी आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था असूनही त्या ऐन वेळी उपयोगी पडल्या नाहीत. नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांच्या घोळामुळे निघतच नव्हता, आणि तो निघत नसल्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत हाती लागली म्हणून बाकीचे वाचले. व्यावसायिकांचे असे होते, तर माझ्यासारख्याचे काय! माझी बॅकअपची डिस्क आठ महिने भरलेली होती आणि कोपऱ्यात उमटणारी सूचना मी दररोज इमानेइतबारे बंद करत होतो, हे मला एक हरवलेले इन्कम टॅक्सचे गणित शोधताना कळले.

म्हणून प्रत काढण्याइतकेच ती परत आणून पाहणे महत्त्वाचे. खंडेनवमीला आपण संगणकाला हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहतो. त्याच दिवशी बॅकअपची डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून तीन फाइली उघडून पाहाव्यात: एक जुना फोटो, एक लांबलचक व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि गेल्या महिन्यातील एक हिशेब. महिन्याच्या नेहमीच्या बॅकअपसाठी आमच्या घरी संकष्टीची रात्र ठरली आहे, कारण चंद्रोदयाची वाट पाहताना तसेही दुसरे काही सुचत नाही. हिशेब किंवा टॅली रोज भरणाऱ्याने मात्र महिना थांबू नये. जितक्या दिवसांचे काम पुन्हा करायची तयारी असेल, तितक्याच दिवसांचे अंतर दोन प्रतींमध्ये ठेवावे.

काकांच्या डिस्कमधून काहीही निघाले नाही. सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब ऑडिटरला पाठवलेल्या ईमेलांमधून गोळा झाले, त्या आधीचे छापील अहवालांवरून काकूंनी आणि मी दोन रविवार बसून पुन्हा भरले. सिंहस्थाचे व्हिडिओ गेले. काकांकडे आता दोन डिस्क आहेत. एक त्यांच्या कपाटात असते आणि दुसरी देवळालीला लेकीकडे, आणि लेक आली की डब्यांच्या पिशवीतून त्यांची अदलाबदल होते. नव्या संगणकावर डी ड्राइव्ह अजूनही आहे. त्यात फक्त चित्रपट आहेत.